खारीत उतरलेली फटफटी

बाळकुमच्या परशुराम भोईराला फटफटीचं वेड लागलं, तेव्हा त्याच्या आईनं आधी भगताकडून अंगारा आणला, मग देवाला कोंबडा कबूल केला. कशाचाच गुण येईना तेव्हा ती ओटीवर बसून आल्यागेल्याला सांगू लागली, "अरं, बाई ठेवली असती त परवडलं असतं. बाई निदान भात तरी लावते!"

म्हातारी त्याच साली गेली. एका अर्थी सुटली म्हणायची. पुढचं तिला बघावं लागलं नाही.

आता वेड कसलं, तर गाडी चालवायचं नव्हे. चालवणारा दमतो, कंटाळतो, जेवायला घरी येतो. परशुरामाला वेड होतं ते त्याच गाडीतून आणखी ताकद काढायचं. लढाईत तो कल्याणच्या लष्करी छावणीत, गाड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात फिटर होता. लढाई संपली, गोरे गेले, छावणीत निर्वासित येऊन राहिले आणि उरलासुरला माल लिलावात निघाला. लोकांनी त्यातून ताडपत्र्या घेतल्या, बादल्या घेतल्या, शहाण्यांनी लाकूड घेतलं. यानं फटफटी घेतली! लढाईच्याही आधीची, विलायती, शर्यतीच्या घाटाची. नळकांडं एकच, पण हे एवढं, हंड्याच्या तोंडात बसेल न बसेल असं. टाकीवरचं नाव उडालेलं, हँडल वाकडं. कुणा कप्तानाची होती म्हणे. कप्तान विलायतेला गेला आणि पीडा बाळकुमात आली.

ठाण्यात खोपटला मधु साळवीचं ग्यारेज होतं. मधु रत्नागिरीकडचा, छावणीत परशुरामाच्या शेजारच्या बाकावर काम केलेला. त्याच्या पत्र्याखाली दोघांनी त्या एंजिनाची पार चिरफाड केली. परशुरामानं एंजिनाचं हेड, म्हणजे नळकांड्यावरचं झाकण, काढलं आणि काचेवर एमरीची पूड टाकून त्याची बैठक घास घास घासली. का, तर आत जागा कमी राहावी, पेट्रोलची वाफ जास्त दाबली जावी आणि भडका जोरात व्हावा. झाकणाखालची तांब्याची चकती होती, तीही पातळ करून टाकली. हवा आत यायची आणि धूर बाहेर जायची वाट पॉलिश पेपरनं आतून आरशासारखी केली. पेट्रोल जास्त जावं म्हणून मोठं जेट बसवलं. सायलेन्सर काढून भंगारात टाकला. आणि मोटारच्या तेलाऐवजी घातलं काय, तर एरंडेल! तापल्या एंजिनात एरंडेल तग धरतं, शर्यतवाले तेच घालतात, असं त्याला छावणीतल्या एका गोऱ्यानं सांगितलेलं. तो गावात शिरला की अर्धा मैल आधी आवाज यायचा, मागून तो वास, आणि पोरं पोट धरून घराच्या मागल्या दारी पळायची. त्यांना वाटे, आली आईची वाटी.

हे सगळं आधी सांगितलं ते एवढ्यासाठी, की पुढे जे झालं ते या ताकदीपायीच झालं.

बाळकुमची भातं तेव्हा खारीत होती. खार म्हणजे खाडीच्या तोंडातून काढून घेतलेली जमीन. मधे मातीचा बांध, बांधाच्या पलीकडे खारं पाणी, अलीकडे भात. भरतीला खाडी बांधाला टेकते, ओहोटीला मागे सरते. आतलं पावसाचं पाणी सोडायला बांधात लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. हा बांध सरकारचा नव्हे न् कुणा शेटचा नव्हे. घराघराला त्याचा वाटा नेमून दिलेला. वैशाखात एक दिवस ठरतो, घरटी एक माणूस फावडं घेऊन उतरतो आणि ज्यानं त्यानं आपला वाटा नीट करायचा. नीट करायचा म्हणजे वरून माती लिंपायची नाही, खेकड्यांची बिळं शोधायची. हात घालून, खांद्यापर्यंत, एकेक बीळ उकरायचं आणि ठेचून बुजवायचं. खेकडं चावतं, हात सोलवटतो, कंबर मोडते. पण एक बीळ राहिलं की बांध गेला, हे बाळकुमात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक.

भोईरांच्या वाट्याला उघाडी आणि तिच्या दोन्ही अंगाचा बांध होता. सगळ्यात जोखमीचा वाटा. परशुरामाचा आजा त्याचा मान सांगायचा.

त्या वैशाखात बांधाचा दिवस निघाला रविवारी. आणि त्याच रविवारी आग्रा रोडला मुलुंडच्या एका शेटच्या पोराची नवी कोरी, दोन नळकांड्यांची फटफटी आणि परशुरामाची जुनी यांचा सामना ठरलेला! बायजा, त्याची बायको, म्हणाली, "आवं, बांधाला कोन जाईल?" हा म्हणाला, "आधी बांध, मंग रोड." पहाटे गेला, खाली वाकलासुद्धा नाही, वरून चार पाट्या माती टाकली, पायानं थापली आणि निघाला. दुरून बघणाऱ्याला बांध कसा, लग्नघरासारखा सारवलेला. शेजारच्या वाट्यावरून राघो पाटील ओरडला, "परशा, बिलां बघलीस का रं?" यानं जाता जाता हात वर केला. हात वर करणं म्हणजे हो पण आणि नाही पण. पाटलानं हो धरलं.

शर्यत त्यानं मारली. माजिवड्यापर्यंत नव्या गाडीला धूळ चारली! असा हसत घरी आला की बायजालाही हसू आलं, काय करणार. त्या संध्याकाळी बाळकुमात त्याच्याएवढा सुखी माणूस नव्हता, हे मात्र खरं.

मग पाऊस आला, लावण्या झाल्या, गौरी-गणपती झाले. भादव्यात पावसानं उघडीप दिली. भात पोटरीला आलेलं, म्हणजे कणीस अजून पोटात, बाहेर पडायच्या बेतात. खारीचं भात थोडं खारट सोसतं, जातच तशी. पण पोटरीत असताना मुळाशी खारं पाणी साचून राहिलं की कणीस पांढरं निघतं, दाणा भरत नाही. आणि सर्वपित्रीच्या अवसेला, भर दुपारी, वर्षातलं मोठं उधाण आलं.

घराघरात पितरांना पानं वाढलेली. गोदाकाकी कावळ्याला घास ठेवायला परसात गेली आणि तिथूनच तिनं आरोळी ठोकली, "बांध फुटला रं! खांड परली!"

गोदाकाकी परशुरामाची चुलती. नवरा मिठागरात कामाला होता, ताप येऊन गेला. मूलबाळ नाही. तिला एकच शेत, परशुरामाच्या शेताला लागून. त्या एका शेतावर ती वर्ष काढायची आणि कुणापुढे पदर पसरायची नाही.

सगळं गाव धावलं. उघाडीच्या डाव्या अंगाला बैलगाडी जाईल एवढी खांड, आणि तिच्यातून खाडी आत येते आहे, आवाज करत, फेस घेऊन. परशुराम पोचला आणि उभा राहिला. दुसऱ्या कुणाला नसेल दिसलं, त्याला दिसलं. फुटलेल्या मातीच्या काठाला, कमरेच्या उंचीवर, गोल गोल बिळं, एकाशेजारी एक. वरची त्याची वैशाखातली माती तेवढी टोपीसारखी लटकत होती, मग तीही पडली.

अवसेनंतरच्या ओहोट्यांना गावानं जीव तोडून काम केलं. बांबू ठोकले, पेंढा घातला, पाट्यांवर पाट्या माती टाकली. खांड बुजली. पण उघाडीची चौकटच ढासळली होती, ती गाडूनच बांध वर आणावा लागला. आता खाडी बाहेर आणि खाडीचं पाणी आत, कोंडलेलं. सोडायला वाट नाही, आणि बांध पुन्हा फोडावा तर पुढल्या भरतीला खाडी परत आत. चोराला घरात घेऊन बाहेरून कडी लावावी तसं झालं. वर आभाळ असं निरभ्र, की बघवेना. चार सरी पडल्या असत्या तर पाणी गोडं तरी झालं असतं.

राघो पाटील गावचा कारभारी, शब्द तोलून बोलणारा. तो एवढंच म्हणाला, "परशा, तू हात वर केलावतास."

परशुरामाला वाटलं, यापेक्षा पाटलानं थोबाडीत मारली असती तर बरं. आणि गोदाकाकी सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझ्या फटफटीनं माझा भात खाल्ला रं. आजपासून मना काकी बोलू नको." एवढं बोलून ती वळली. ती शिव्या देती तर त्यानं ऐकून घेतल्या असत्या.

वाळीत टाकलं असं कुणी म्हटलं नाही. पण बायजा विहिरीवर गेली की बाया दोर गुंडाळून बाजूला होत. परशुराम पारावर आला की बोलणं थांबे. त्याला अन्न जाईना. सकाळी उठून तो बांधावर जाऊन उभा राही आणि पाण्यातल्या हिरव्यागार भाताकडे बघे. हिरवं होतं, हेच वाईट. अजून जगण्याजोगं होतं. गेलंच असतं तर माणूस रडून मोकळा झाला असता. पण पाणी चारसहा दिवसांत निघालं तर भात वाचणार, नाही तर सगळं गाव वर्षभर मिठागरात मजुरीला, आणि गोदाकाकीला तर मजुरीलाही कुणी घेणार नाही, अशी गत. हे सगळं त्या एका हात वर करण्यापायी!

उभ्या उभ्या त्याला मधुच्या ग्यारेजातला पंप आठवला. छावणीच्याच लिलावातला, लोखंडी, गंजून कोपऱ्यात पडलेला. पंप आहे, पण फिरवायला एंजिन? आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. बाळकुमापासून ठाण्यापर्यंत त्याच्या फटफटीएवढी ताकद होती कुणाची?

दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून पंप आला, मधु आला आणि फटफटी बांधावर चढली. मागलं चाक अधांतरी टांगलं, टायर काढलं, चाकाच्या कडीवर पट्टा चढवला आणि पट्ट्याचं दुसरं टोक पंपावर. एक नळ आतल्या पाण्यात, दुसरा बांधावरून खाडीत. गाव लांब उभं राहून बघत होतं. जवळ कुणी आलं नाही, पण घरीही कुणी गेलं नाही.

परशुरामानं लाथ मारली. एंजिन भडाडलं, बगळे उडाले. गियर टाकून क्लच सोडला मात्र, एंजिन धप्पकन बंद! पुन्हा लाथ, पुन्हा बंद. मग त्यानं एंजिन पार किंचाळेपर्यंत वाढवलं आणि क्लच सोडला. पट्टा जळका वास देत फिरला, पंप घरघरला आणि नळाच्या तोंडातून पाण्याचा लोट खाडीत पडला! गावातून एकच ओरडा उठला. कुणीतरी "एकवीरा आई!" म्हणालं. परशुरामाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

पण पान खाऊन व्हायच्या आत एंजिन आतून ठोकू लागलं, हातोडीनं डबा बडवावा तसं. धुराची नळी लाल झाली. मग एक आचका, आणि सगळं गप्प. तापलेल्या लोखंडाचा टिकटिक आवाज तेवढा येत राहिला. लांब उभी असलेली माणसं एकेक करून निघून गेली.

मधु बांधावर टेकला. "परशा, अरे आपण हिला शर्यतीची करून ठेवली. पळताना समोरून वारा लागतो, तेव्हा ही थंड राहते. शिवाय जोर सगळा वरच्या वेगात. उभ्यानं, हळू, दिवसभर ओढायचं म्हटलं तर हिच्यात काहीच नाही. यापेक्षा मुळात होती तशीच बरी होती."

चार वर्षं, दर रविवारी, पोटाला चिमटे घेऊन त्यानं जी ताकद काढली ती नांगराला घोडा जुंपावा तशी निघाली! आता करायचं काय, तर जे जे केलं ते ते उलटं करायचं. दाब कमी करायचा, म्हणजे हेड वर उचलायचं, म्हणजे मधली तांब्याची चकती जाड हवी. असली चकती मुंबईत मिळायची तर मिळायची, आणि तेवढ्यात इथे कणसं पांढरी होणार. हेड घासून गेलेलं लोखंड तर काही परत येत नव्हतं.

घरी येऊन तो भांड्यांच्या फळीकडे बघत बसला. बायजानं ओळखलं. तिनं देव्हाऱ्यातलं ताम्हण काढलं. जाडजूड, तांब्याचं, तिच्या बापानं लग्नात दिलेलं. पाण्यात धुतलं, पदरानं पुसलं आणि त्याच्यापुढे आपटलं.

"घ्या. पूजा नायतरी तुमी हिचीच करता."

बोलली आणि मग तिला रडू फुटलं. परशुरामाला तिच्याकडे बघवेना. त्यानं ताम्हणावर जुनी चकती ठेवून खिळ्यानं गोल आखला आणि छिन्नी घेतली. तांबं नरम व्हावं म्हणून कापलेली चकती चुलीत लाल केली आणि पाण्यात बुडवली. तिचा चर्र आवाज झाला तेव्हा बायजानं कानावर हात ठेवले.

सकाळी हेडाखाली जाड चकती बसली. जेट पहिलं लहानच घातलं. ठिणगी उशिरा पडेल असं मॅग्नेटो फिरवलं. भंगारातला सायलेन्सरही शोधून लावला. गियर खालचा. लाथ मारली तर आवाज असा मवाळ, की परशुरामाला स्वतःची गाडी ओळखू येईना. क्लच सोडला. एंजिन दबलं, दबलं, आणि पेललं त्यानं! पंप फिरला. पाणी आलं, पहिल्याएवढं जोरात नव्हे, पण आलं आणि येत राहिलं.

राहिला तापण्याचा प्रश्न. वारा नाही. मधु आपल्या शर्टानं वारा घालत होता. बायजानं ते पाहिलं, घरी गेली आणि सूप घेऊन आली. भात उपणताना जसा वारा घालतात तसा ती एंजिनाला वारा घालू लागली. उन्हात, एरंडेलाच्या धुरात, एकटी. तिचे हात भरून आले तरी थांबेना. परशुराम म्हणाला, "बस गो, जरा थांब." ती म्हणाली, "थांबलं त तुमची सवत मरंल."

हे कुणी ऐकलं कोण जाणे. दुपारपर्यंत राघो पाटलाची सून सगुणा सूप घेऊन आली. मग तिची जाऊ आली. मग पाळ्या लागल्या. चार चार बाया समोरासमोर उभ्या राहून फटफटीला सुपानं वारा घालताहेत, असं दृश्य ठाणे जिल्ह्यात त्याआधी कुणी पाहिलं नसेल न् पुढे पाहणार नाही. पुरुष पेट्रोलचे डबे वाहू लागले. परशुरामाशी अजून कुणी बोलत नव्हतं. एंजिनाशी बोलत होते, "चल बाय, चल." तोही बोलत नव्हता. हात एंजिनावर आणि कान आवाजावर, असा बसून होता. भाकरी बायजा त्याच्या तोंडात घाली.

असे दिवस गेले. वरच्या अंगाची शेतं मोकळी झाली, भाताची बुडखं दिसली. मग मधली. तळाला दोनच शेतं राहिली, आधी गोदाकाकीचं, मग सगळ्यात खाली परशुरामाचं. आणि एरंडेल संपत आलं.

जुनं एंजिन तेल प्यायचं, जाड धूर ओकायचं. गावातल्या बायांनी पोरांसाठी ठेवलेल्या एरंडेलाच्या बाटल्या आणून ओतल्या होत्या, त्याही संपल्या. मोटारचं तेल मधुकडे होतं, पण एरंडेलात ते मिसळलं की दही होतं, एंजिन जागीच धरतं. म्हणून मधु सकाळीच सायकल मारत ठाण्याला गेला. जाताना बजावून गेला, "मी येईपर्यंत बंद ठेव. दुपारपर्यंत येतो. दुसरं काहीही घालू नकोस."

परशुरामानं एंजिन बंद केलं. बायका सुपं खाली ठेवून टेकल्या. गोदाकाकीच्या शेतात पाणी अजून घोट्याच्या वर होतं आणि एका कोपऱ्यात कणसं बाहेर पडायला लागली होती.

आणि गोदाकाकी आली.

इतक्या दिवसांत ती बांधाकडे फिरकली नव्हती. हातात हिरवी बाटली, तोंडाला चिंधीचं बूच. सगळ्यांच्या मधून चालत आली आणि परशुरामापुढे उभी राहिली.

"परश्या," ती म्हणाली, "ह्यात एरंडेल हाय. तुझा काका आजारी होता तवाचं. घाल. बंद नको ठेवू रं, पोरा. माझी कनसं येतान."

परशुरामानं बाटली घेतली. चिंधी काढली. आणि त्याला कळलं, एरंडेल नाही हे. करंजेल आहे. दिव्यात घालायचं. कडू, उग्र वास, आणि तळाला बोटभर गाळ. म्हातारीला दिसायचं कमी झालेलं आणि वास तर कधीचाच गेला होता.

त्यानं वर पाहिलं. गाव बघत होतं. म्हातारी त्याच्या तोंडाकडे बघत होती, पोटच्या पोराकडे बघावं तशी. "काकी, हे चालायचं नाही," एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. दुपारपर्यंत थांबायचं होतं. मूर्ख म्हणा, करंटा म्हणा, पण ते शब्द त्याच्या तोंडातून निघाले नाहीत. तो म्हणाला, "बरा झाला काकी, वेलेवर आणलास." आणि गाळ खाली राहील अशी बाटली तिरकी धरून त्यानं तेल ओतलं. थोडा गाळ गेलाच.

एंजिन सुरू झालं. चांगलं चाललं बराच वेळ. गोदाकाकी बांधावर बसून नळातून पडणाऱ्या पाण्याकडे बघत होती आणि शेजारणीला सांगत होती, "माझ्या तेलावर चाललाय गो." परशुराम कान लावून बसला होता. आवाजात पहिली खरखर आली ती त्यालाच ऐकू आली. मग एक लांब किंकाळी, आणि एंजिनानं धरलं ते धरलं. लाथ मारायचा दांडा जागचा हलेना. त्यानं सगळं अंग टाकून पाहिलं. हलेना.

सगुणाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. गोदाकाकी उठून उभी राहिली. "काय झायला रं? थांबली का?"

तिच्या शेतात पाणी अजून होतंच.

परशुराम तापल्या एंजिनावर हात ठेवून बसला. हात पोळत होता ते त्याला कळलं नसावं. मग उठला, कुणाच्या तरी हातातलं फावडं घेतलं आणि खारीत उतरला. गोदाकाकीच्या आणि त्याच्या शेतामधे बांध होता, कमरेएवढा. त्याचं शेत तळाचं. तो त्या बांधावर उभा राहिला आणि घाव घालू लागला.

राघो पाटील वरून ओरडला, "अरं ए! येरा झालास काय? सगला खारा पानी तुझ्यात जाईल. तुझा भात!"

"माझा भात वैशाखातच गेला, पाटील," परशुराम म्हणाला. हात थांबला नाही.

बांध तुटला. काकीच्या शेतातलं पाणी त्याच्या शेतात धावलं आणि त्याचं भात शेंड्यापर्यंत बुडलं. बायजा काठावर उभी होती. लावणी तिनं केली होती, एकेक रोप तिच्या हातचं. काकीचं शेत उघडं पडलं तेव्हा ती खाली उतरली आणि दोघांनी मिळून तो बांध पुन्हा भरला, ते पाणी आपल्यातच कोंडून. भरताना परशुरामानं खाली वाकून, हात घालून, बिळं तपासली.

मधु दुपारी आला, एरंडेलाचा डबा घेऊन, घामाघूम. एंजिनाचं तेलाचं झाकण काढून त्यानं वास घेतला आणि त्याचा चेहराच बदलला. "हे कुणी घातलं?"

"मी," परशुराम म्हणाला.

"तुला वास येत नाही? अरे, नाक कुठे गेलं होतं तुझं?"

"चुकलं," परशुराम म्हणाला. मधु त्याला नको नको ते बोलला, आणि त्यानं ऐकून घेतलं.

त्या साली बाळकुमचं भात आलं. पूर्ण नाही, पण घराघरात कणगी भरण्याइतकं आलं. कापण्या झाल्या, आणि एका सकाळी बायजानं दार उघडलं तर अंगणात भाताचे भारे. घरटी एक. कुणी ठेवला, कुणी विचारायचं नाही. गोदाकाकीनं मात्र तिचा भारा उजेडात, डोक्यावर घेऊन, सगळ्या आळीतून मिरवत आणला.

परशुरामाच्या शेतात कैक वर्षं गवताची काडी उगवली नाही. उन्हाळ्यात त्यात पांढरा थर धरायचा, तो बायजा खरवडून आणायची आणि घरात ते मीठ चालायचं. तो खोपटच्या डेपोत फिटर म्हणून लागला, एसटीच्या गाड्या दुरुस्त करून म्हातारा झाला. फटफटी गोठ्यात पडून गंजली. कुणी विचारलं तर म्हणायचा, "ताकद काढायला गेलो, ती निघाली सगली." वैशाखात बांधाचा दिवस आला की रजा टाकायचा, आणि आपला वाटा झाला की दुसऱ्यांच्या वाट्यातल्या बिळांतही हात घालत फिरायचा.

आणि गोदाकाकी मरेपर्यंत सांगत राहिली. लग्नात सांगायची, बारशाला सांगायची, विहिरीवर सांगायची, की त्या साली सगळ्या गावाचा भात वाचला तो शेवटी माझ्या तेलावर. परशुराम जवळ असला की ती त्याला साक्षीला ओढायची. तो मान हलवायचा. "खरा हाय. काकीच्याच तेलावर."

काकी गेली त्या दिवशी तिचं सगळं त्यानंच केलं. घरी येऊन, अंघोळ करून तो पडवीत बसला. बायजानं काकीच्या घरात लावायच्या दिव्यात करंजेल घातलं, वास पसरला, आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तिनं विचारलं.

"आवं, तवा तुमाना वास नव्हता आला?"

"आलावता."

"मंग वतलंत कशाला?"

परशुरामानं दिव्याची वात बोटानं पुढे सारली.

"इतक्या दिसांनी माझ्याशी बोलली होती गो," तो म्हणाला. "पोरा म्हनली."